कॉम्बो राहू दे, सीट आधी घ्या

पहिल्या बाळासाठी बाजारात सगळं एकत्र मिळणारा तो कॉम्बो सेट घ्यावा की नाही, यावर फोंड्याला आमच्या घरात सध्या सरळ दोन तट पडलेत. भावाला आणि वैनीला पहिलं बाळ होणार आहे, तारीख ऑगस्टच्या शेवटी, म्हणजे भर पावसात आणि चतुर्थीच्या धावपळीत, आणि भावाने ऑनलाइन सेल बघून एक सेट निवडून ठेवलाय. त्यात प्रॅम, प्रॅमवर क्लिक होणारी कार सीट, मच्छरदाणीवाली छोटी गादी, उशी, दोन लोड, सामानाची बॅग आणि वर फीडिंग बाटल्या फ्री. आईचं म्हणणं एकच, भुरगें जल्माक येवचे आदीं घरांत कितेंच हाडचें न्हय, म्हणजे बाळ जन्मायच्या आधी घरात काहीच आणायचं नाही. आधी बाळ सुखरूप येऊ दे, मग काय ते आणा. दोघांनीही मला फोन करून विचारलं, कारण मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहते, माझी मुलगी इथेच झाली आणि आम्ही तिच्यासाठी असाच पूर्ण सेट घेतला होता.

तो सेट आम्हाला इथे खूप कामाला आला, हे आधीच सांगते. मुलगी नोव्हेंबरची, चार वाजता काळोख पडायचा, नवरा कामावर, घरात आई नाही सासू नाही, आणि वजन करायला क्लिनिकला जायचं, दूध आणायचं, पोस्टात जायचं तर बाळाला घेऊनच जावं लागायचं. पण घराच्या दारापासून क्लिनिकपर्यंत सलग फुटपाथ आहे, रस्ता ओलांडायच्या ठिकाणी फुटपाथ उतरता करून रस्त्याला मिळवलेला आहे, बस खाली झुकते आणि प्रॅम सरळ आत जाते. म्हणजे ती प्रॅम चालते ती रस्त्याच्या जिवावर चालते. तरी बसमधली ती मोकळी जागा मुळात व्हीलचेअरसाठी असते, 2017 साली इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की व्हीलचेअरवाला प्रवासी आला आणि प्रॅमवाला हलत नसेल तर ड्रायव्हरने नुसती एकदा विनंती करून गप्प बसणं पुरेसं नाही. आणि ते बरोबरच आहे, त्यांना दुसरा मार्ग नसतो. मग तुम्ही एका हातात बाळ धरून दुसऱ्या हाताने प्रॅम घडी करायची. सेटमधल्या जड प्रॅमा तिथे आईचा जीव काढतात, हे दुकानात चकचकीत फरशीवर ढकलून बघताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता हीच प्रॅम फोंड्यात आणा. तिस्कावरून वरच्या बाजारात जा बघू. फुटपाथ आहे तिथे स्कूटर लावलेली, नाही तिथे गटार, गटारावरची लादी एक आहे तर एक नाही. देवळात जा, पायऱ्या. वैनीच्या माहेरी वाळपईकडे जा, गेटपासून घरापर्यंत चढण आणि जून ते सप्टेंबर तिच्यावर शेवाळ. पणजीत मिरामारला किंवा एखाद्या मॉलमध्ये प्रॅम छान फिरेल, पण तेवढ्यासाठी तेवढी मोठी वस्तू घरात ठेवायची का? आणि पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे जाड फोमची न वापरलेली प्रॅम चार महिने कोपऱ्यात ठेवली तर तिचं काय होईल ते गोव्यातल्या माणसाला मी सांगायला नको. शिवाय तिथे बाळाला उचलून घ्यायला माणसं आहेत! आई आहे, वैनीची आई आहे, शेजारच्या काकी आहेत, संध्याकाळी पाळीपाळीने घेतील सगळी. मला इथे तेव्हा एक जरी असा हात मिळाला असता तर मी अख्खा सेट देऊन टाकला असता, हे मी अगदी मनापासून बोलतेय.

मग आईचं खरं का? बऱ्याच अंशी हो. आपली पद्धत बघितली तर तिच्यात शहाणपण भरपूर आहे. बाळंतविडा बाळ झाल्यावर येतो, वेगवेगळ्या घरांतून येतो, कुंची एकाकडून, झबली-टोपडी दुसऱ्याकडून, दुपटी आजीच्या मऊ झालेल्या जुन्या साडीची. पाळणा नात्यातल्या कुणाच्या तरी माळ्यावर असतोच, तो उतरवून धुऊन पुसून बारशाला सजतो आणि पुढच्या बाळाकडे जातो. बाळ केवढं आहे, उन्हाळ्यातलं की पावसातलं, दूध कसं पितंय, हे कळल्यावर गरजेप्रमाणे वस्तू येते. आणि ज्यांच्या घरात एकदा वाईट झालंय त्यांना आधी आणून ठेवलेल्या वस्तूंकडे बघत बसावं लागत नाही. आईच्या त्या नियमामागे हे दुःख आहे, तिच्या पिढीने ते जवळून बघितलंय, म्हणून त्याला नुसती अंधश्रद्धा म्हणून उडवून लावलेलं मला आवडत नाही, मी भावाला हे स्पष्ट सांगितलं. व्यवहाराचंही आहेच, आज घेतलेल्या सेटची वॉरंटी आजपासून सुरू होते आणि बाळ येईपर्यंत परत करायची मुदत संपलेली असते.

पण एका वस्तूच्या बाबतीत मी आईच्या विरुद्ध आहे आणि ती म्हणजे कार सीट. ती बाळ यायच्या आधीच घरात यायला हवी, गाडीत बसवून बघितलेली हवी, कारण बाळाचा जगातला पहिलाच प्रवास बहुतेक गाडीतून होतो. बांबोळीहून असो की मडगावहून, हॉस्पिटलातून घरी येताना.

आपल्याकडे ही वस्तू चैनीची समजतात आणि मला ते परदेशात राहायला लागल्यापासून फार टोचतं. देशात घरटी गाड्या सर्वात जास्त गोव्यात आहेत, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या 45 घरांकडे कार निघाली होती, दुसऱ्या नंबरवरच्या केरळात 24. आणि आपल्या एवढ्याशा राज्यात रस्त्यावर दरवर्षी दोनशेच्या वर माणसं मरतात, रोज सकाळी पेपरात पहिल्या पानावर वाचतो आपण. तरी बाळाला कुठे बसवतो? पुढच्या सीटवर, आजीच्या मांडीवर, समोर एअरबॅग. आजीचं प्रेम कितीही असलं तरी धडक बसली की चार किलोचं बाळ हातात चार किलोचं राहत नाही, झटका त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो, कुणाच्याच हातात ते राहू शकत नाही, पैलवानाच्यासुद्धा. आणि फुगणारी एअरबॅग सरळ बाळावर येते.

कायदाही आहे, पण कुणाला माहीतच नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली तेव्हा कलम 194ब आलं, 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर 1000 रुपये दंड. स्कूटरसाठी तर 15 फेब्रुवारी 2023 पासून चार वर्षांखालच्या मुलाला हार्नेस, म्हणजे चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, आणि हेल्मेट, वेग ताशी 40 च्या वर नाही, असा नियम लागू आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभे राहा आणि किती मुलांना हार्नेस दिसतो ते बघा. इथे इंग्लंडमध्ये मूल 12 वर्षांचं किंवा 135 सेंटीमीटर उंच होईपर्यंत सीट सक्तीची आहे आणि लोक पाळतात, ते काही आपल्यापेक्षा मुलांवर जास्त माया करतात म्हणून नाही, तर मुलगी झाल्यावर मला वॉर्डात नर्सने पहिल्यांदा जे प्रश्न विचारले त्यातला एक होता की घरी कसे जाणार, सीट आणलीय का. असं आपल्या गोव्यातल्या प्रत्येक प्रसूती वॉर्डात कुणीतरी विचारायला लागलं तर पाच वर्षांत चित्र बदलेल असं मला खरंच वाटतं, त्याला पैसे पण लागत नाहीत.

मग भाऊ म्हणाला की झालं तर, सेटमध्ये सीट आहेच की. इथेच माझा सेटवर खरा आक्षेप आहे. सेट विकला जातो प्रॅमच्या दिसण्यावर, रंगावर, आणि सीट त्यातली जोडीची वस्तू होऊन जाते, तिच्याकडे कुणी नीट बघत नाही. ती तुमच्या गाडीत बसते का? मागच्या सीटचा बेल्ट तिला गोल फिरून पुरतो का, छोट्या गाड्यांमध्ये पुष्कळदा पुरत नाही. आयसोफिक्सचे, म्हणजे सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायचे हुक आहेत का? सीटवर युरोपात चालणाऱ्या आर129 किंवा निदान जुन्या आर44 या सुरक्षा नियमाचा किंवा आपल्या एआयएस-072 चा मान्यतेचा शिक्का आहे, की नुसतंच सेफ्टी टेस्टेड लिहिलंय? क्लिक होणारी ती टोपलीसारखी सीट साधारण 13 किलोपर्यंतच चालते, बरीच मुलं वर्ष-सव्वा वर्षात तिच्यात मावेनाशी होतात आणि मग परत नवीन सीट घ्यावी लागते. त्यापेक्षा जन्मापासून चार वर्षांपर्यंत चालणारी, गाडीतच कायम राहणारी, बाळाचं तोंड मागच्या बाजूला करून बसवायची सीट वेगळी घेतली तर आपल्या घराला जास्त सोयीची. आर129 मध्ये निदान 15 महिन्यांपर्यंत मूल उलट्या तोंडानेच बसवायचं, कारण लहान बाळाचं डोकं जड आणि मान कोवळी असते.

अजून एक गोष्ट, सीट प्रॅमवर क्लिक करून बाळाला तासन्‌तास तसंच फिरवतात, ते बरोबर नाही. त्या सीटमध्ये बाळ वाकडं बसतं, हनुवटी छातीला टेकली की श्वास अडकू शकतो. इथे सांगतात की अगदी तान्ह्या बाळाला एकावेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त नको आणि मोठ्यालाही दोन तासांच्या आत बाहेर काढा, झोपायला नेहमी सपाट जागा. फोंडा ते पणजी 30 किलोमीटर, वाटेत ट्रॅफिक लागला तर मध्ये थांबून बाळाला उचलून घ्यायला लागेल एवढं धरून चाला.

उरलेल्या सेटबद्दल थोडक्यात. उशी आणि लोड नकोच. इथे वर्षाखालच्या बाळाच्या बिछान्यात उशी, लोड, जाड पांघरूण काहीच ठेवू देत नाहीत, पाठीवर झोपवा आणि जागा मोकळी ठेवा असं 1991 पासून इंग्लंडभर सांगायला लागले आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या झपाट्याने खाली आली. डोक्याला आकार यावा म्हणून आमची आई मोहरीची उशी शिवायच्या तयारीत आहे, तिच्याशी या विषयावर मी शांतपणे बोलणार आहे. मच्छरदाणी मात्र वेगळी जरूर घ्या, डासांचा प्रश्न इथे नाही, तिथे आहे. काही सेटमध्ये वॉकर पण देतात, त्याच्या विक्रीवर कॅनडात 2004 पासून बंदी आहे एवढं सांगते. आणि त्या फ्री बाटल्या! आपल्या देशात 1992 चा कायदा आहे, फीडिंग बाटलीची जाहिरात करायची नाही, ती खपावी म्हणून भेटी आणि आमिषं द्यायची नाहीत, कारण बाटली हाताशी असली की पहिल्या कठीण आठवड्यात आईचं दूध मागे पडतं. बाजारात बघावं तर गिफ्ट सेटमध्ये सर्रास बाटल्या असतात आणि कुणी बोलत नाही.

सगळं एकत्र देण्याची कल्पनाच वाईट आहे असं मी म्हणत नाही. फिनलंडमध्ये सरकार 1938 पासून बाळाची पेटी देतं, आधी गरीब आयांना आणि 1949 पासून सगळ्यांना, स्कॉटलंडमध्ये 2017 पासून देतात. त्यात कपडे, दुपटी, खाली छोटी गादी, आणि पेटीतच बाळ झोपू शकतं. प्रॅम नाही. फिनलंडने तर बाटली पण काढून टाकली, आईने पाजावं म्हणून. पेटी नको असेल तर तिथे त्याऐवजी पैसे मिळतात, तरी बहुतेक आया पेटीच घेतात, विशेषतः पहिल्या खेपेला, कारण ती भरताना कुणाला काही खपवायचं नव्हतं, बाळाला काय लागतं एवढंच बघितलंय. आपल्या बाळंतविड्याचीही तीच रीत आहे.

सेकंडहँडचं वैनीने विचारलं होतं. प्रॅम, बाथटब, कपडे खुशाल घ्या, ओळखीत कुणाकडे तरी हलकी, एका हाताने घडी होणारी स्ट्रोलर पडून असेलच, आणि ती लागणार मूल बसायला लागल्यावर, म्हणजे सहाएक महिन्यांनी, पाऊस तोवर गेलेला असेल. पण कार सीट अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका, ती गाडी कुठे आपटली होती का ते बाहेरून दिसत नाही. बहिणीची किंवा जवळच्या मैत्रिणीची असेल, इतिहास माहीत असेल, तर चालेल.

आईशी काल परत बोलले. सीट घरात आणायची नाही, सरळ गाडीत बसवायची, म्हणजे घरात काही आणलं असं होत नाही, असा मार्ग तिनेच काढला, आणि मला तो पूर्ण मान्य आहे. भावाने आता सेट रद्द करून गाडी घेऊन दुकानात जायचं, दोन-तीन सीट मागे लावून बघायच्या, बेल्ट ओढून सीट हलते का ते तपासायचं, आणि दुकानदार गाडीत लावून बघू देत नसेल तर दुसरं दुकान बघायचं. वैनीला सातवा संपत आलाय, तेव्हा हे जुलै लागायच्या आत झालं पाहिजे.