टॉवरची ताकद वाढवून फेडिंग जात नाही

मोबाइलची रेंज का जाते याचा खुलासा करणारा एक मजकूर सध्या हातोहात पुढे पाठवला जात आहे. कंपन्या टॉवरची ताकद मुद्दाम कमी ठेवतात म्हणून बोलणे तुटते आणि ती दहापट केली की प्रश्न मिटेल, असे त्याचे मुख्य म्हणणे आहे. भिंती-इमारतींवरून होणारे परावर्तन हा सिग्नलचा शत्रू आहे, राउटरच्या दोन-चार अँटेनांपैकी एकच कामाची असून बाकीच्या शोभेच्या आहेत, आणि तोवर घरात सिग्नल वाढवणारे यंत्र, म्हणजे बूस्टर, बसवून घ्यावा, अशी आणखी तीन विधाने त्यात आहेत. लिहिणाऱ्याचा वैताग खरा आहे आणि रास्तही आहे. निदान मात्र चुकले आहे, आणि त्या निदानावर विसंबून लोक पदरचे पैसे घालवत आहेत.

प्रथम ताकदीचे पाहू. ओट्यापाशी बोलणे तुटते आणि फोन चार बोटे बाजूला सरकवला की नीट ऐकू येऊ लागते, हे पुष्कळांनी अनुभवले असेल. एवढ्याशा हालचालीने टॉवर काही जवळ येत नाही. 1800 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 17 सेंटिमीटर असते. टॉवरवरून निघालेली लहर समोरची इमारत, गच्चीवरची टाकी, खिडकीची जाळी अशा अनेक ठिकाणी आपटून वेगवेगळ्या वाटांनी फोनपर्यंत येते. एखाद्या बिंदूवर एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगटावर पडला की दोघी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. अशा खळग्यांमधले अंतर साधारण अर्ध्या तरंगलांबीचे, म्हणजे आठ-साडेआठ सेंटिमीटरचे असते. यालाच मल्टिपाथ फेडिंग म्हणतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या बसमधला फोन एका सेकंदात सुमारे शंभर तरंगलांब्या ओलांडतो, त्यामुळे हे चढउतार त्याला सतत सोसावे लागतात.

आता दहापट ताकदीचा हिशेब करू. टॉवर थेट दिसत नसलेल्या दाट वस्तीत हे चढउतार बहुधा रॅले वितरणाप्रमाणे, म्हणजे सिग्नल किती वेळा किती खाली जाईल हे सांगणाऱ्या एका गणिती सूत्राप्रमाणे, वागतात. त्यात सिग्नल सरासरीच्या शंभराव्या भागाखाली जाण्याची शक्यता सुमारे 100 मध्ये 1 असते. बोलणे तिथेच तुटते असे धरले आणि ताकद दहापट केली, तर ही शक्यता 1,000 मध्ये 1 होते. ताकद आहे तेवढीच ठेवून पुरेशा अंतरावर दुसरी अँटेना बसवली आणि दोन्हींपैकी ज्या क्षणी जी चांगली ऐकते ती निवडली, तर दोन्ही एकाच वेळी खळग्यात असण्याची शक्यता 10,000 मध्ये 1 एवढी खाली येते. एका अँटेनेने हा आकडा गाठायचा तर ताकद शंभरपट करावी लागेल. शिवाय सगळ्याच टॉवरांनी आवाज चढवला तर शेजारच्या टॉवरचा अडथळाही तितकाच चढतो. 4जी फोन स्वतः जास्तीत जास्त 0.2 वॅटच्या आसपास प्रक्षेपण करतो, त्यामुळे टॉवर कितीही जोरात बोलला तरी फोनचे म्हणणे त्याला अधिक स्पष्ट ऐकू येत नाही.

एकच संदेश एकमेकांवर अवलंबून नसलेल्या वाटांनी मिळवण्याच्या या उपायाला डायव्हर्सिटी म्हणतात, आणि तो जुना आहे. अमेरिकेत लाँग आयलंडवरील रिव्हरहेड येथे हॅरल्ड बेव्हरेज आणि एच. ओ. पीटरसन या अभियंत्यांनी शॉर्टवेव्ह रेडिओसाठी एकमेकींपासून दूर उभारलेल्या अँटेनांचे ग्रहण एकत्र केले आणि 1931 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे नुसत्या निवडीऐवजी प्रत्येक अँटेनेचा सिग्नल आधी कलेत जुळवून, म्हणजे उंचवट्यावर उंचवटा येईल असा सरकवून, आणि त्याच्या गुणवत्तेनुसार वजन देऊन बेरीज करण्याची रीत रूढ झाली. तिच्यात दुबळ्या अँटेनेचे थोडे ऐकलेलेही वाया जात नाही, म्हणून मला ती निवडीहून अधिक सुंदर वाटते. सामान्य 4जी फोनमध्ये ग्रहणासाठी किमान दोन अँटेना असतात, त्या यासाठीच.

राउटरच्या अँटेना शोभेच्या आहेत, हे विधान यातच निकालात निघते. 2009 च्या 802.11एन मानकापासून वायफायमध्ये अनेक अँटेनांचा एकत्रित वापर, म्हणजे मिमो, रुळला. एवढे मान्य करायला हवे की बाहेर दिसणाऱ्या काड्यांची संख्या हे काही प्रमाण नव्हे. खरेदी करताना खोक्यावर 2×2 किंवा 4×4 असे, म्हणजे पाठवण्यासाठी आणि ग्रहणासाठी किती अँटेना आहेत याचे, काय छापले आहे ते पाहावे.

परावर्तनाला शत्रू ठरवणे तर सर्वांत अन्यायाचे आहे. टॉवर दिसतच नसेल तेथे जो काही सिग्नल पोहोचतो तो परावर्तन आणि विवर्तन (कडांवरून लहरीचे वळणे) यांच्याच जोरावर. 4जीमध्ये माहिती छोट्या तुकड्यांनी पाठवली जाते, अशा प्रत्येक तुकड्याआधी, म्हणजे चिन्हाआधी, सुमारे 4.7 मायक्रोसेकंदांची राखीव जागा असते, त्यामुळे 1.4 किलोमीटर जास्त फिरून आलेली लहरही पुढच्या चिन्हात मिसळत नाही. मिमो तर या वेगवेगळ्या वाटांवरच उभे आहे, कारण वाटा भिन्न असतात म्हणूनच एकाच वारंवारितेवर एकाच वेळी दोन-तीन निरनिराळे प्रवाह पाठवून ते पलीकडे वेगळे करता येतात. या कल्पनेचे 1994 मध्ये मंजूर झालेले अमेरिकी पेटंट आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ या भारतात जन्मलेल्या अभियंत्यांच्या नावावर आहे. कैलाथ पुण्यात जन्मले आणि पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात दूरसंचार शिकले, हे इथल्या वाचकांना ठाऊक असायला हवे.

राहिला बूस्टर. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. त्याची बाहेरची आणि आतली अँटेना एकमेकींना ऐकू लागल्या तर तो स्वतःच शिट्टी घालू लागतो आणि टॉवरच्या ग्रहणात अडथळा आणून आसपासच्या सगळ्यांची रेंज बिघडवतो. विनापरवाना बूस्टर लावणे भारतात बेकायदा आहे. तळघरात किंवा जाड स्लॅबखाली सरासरी सिग्नलच अपुरा असतो आणि तेथे ताकद हवी हे खरे आहे, पण तेथे रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे पोहोचवणारे अधिकृत यंत्र, बसवण्याचे काम कंपनीचे आहे व त्यासाठी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. घरात ब्रॉडबँड असेल तर तोवर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून बोलण्याची सोय, सुरू करावे. त्याला वेगळे यंत्र लागत नाही.