‘तिन्ही चित्रपट एकच होते’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुम्ही वेळ काढून मराठीत एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. कॅनडातल्या आल्मॉन्ट गावी आमच्या पाहुणघरात डिसेंबरात झालेल्या ‘नाताळ चित्रपट वीकेंड’ला तुम्ही दोन तारे दिलेत. तीन संध्याकाळी तीन चित्रपट दाखवले आणि तिन्ही एकच होते, असं तुमचं म्हणणं. शहरातली मुलगी गावी येते, चौकड्यांच्या शर्टातला कुणी भेटतो, शेवटी चुंबन आणि वरून बर्फ. दहाव्या मिनिटाला शेवट कळला, वर बर्फही खोटा, आणि शिकल्यासवरल्या माणसांना हे कशाला दाखवता, असं तुम्ही विचारलंय.

शेवट कळला हे बरोबरच आहे. तो कळावा अशीच या चित्रपटांची बांधणी असते. हे टीव्हीसाठीच बनतात. दोन तासांच्या वेळेत गोष्ट साधारण ८४ मिनिटांची, बाकी जाहिराती. त्यामुळे पटकथेचे बहुतेक नऊ अंक पाडलेले असतात आणि कुठल्या अंकात काय होणार हे ठरलेलं असतं. नायिकेनं फोनवरचं अर्धंच बोलणं ऐकलं आणि ती बॅग भरायला लागली, की समेट फार लांब नाही हे नेहमीच्या प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं. हॉलमार्क या अमेरिकी वाहिनीवर २००९ पासून ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ या नावाखाली दर वर्षी हाच हंगाम रंगतो, आता तर तो ऑक्टोबरातच सुरू होतो, आणि लोक त्याची वाट बघतात. आपण तरी साधुवाण्याचं पुढे काय होणार हे कळावं म्हणून सत्यनारायणाच्या कथेला बसतो का? पाचही अध्याय ऐकून पाठ झालेले असतात. तरी कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली, की ऐकणाऱ्याचा जीव वरखाली होतोच.

पण माझ्या लेखी खरी गोष्ट याहून वेगळी आहे. तुम्ही पाहिलेल्या तीनपैकी दोन चित्रपटांत नायिकेची आई वारलेली होती, आठवतंय? या चित्रपटांत असं फार वेळा असतं. मरण गोष्ट सुरू होण्याआधीच घडून गेलेलं असतं. मागे राहिलेली असते आईच्या हस्ताक्षरातली बिस्किटांची कृती, किंवा माळ्यावरचं सजावटीचं खोकं, जे वडिलांनी अजून उघडलेलं नसतं. ते खोकं उघडण्याचा प्रसंग जेमतेम दोन मिनिटांचा असतो. आमच्या दिवाणखान्यात त्या दोन मिनिटांत कुणी बोलत नाही. पुढे सगळं नीट होणार याची खात्री असते म्हणून माणूस त्या खोक्याकडे बघू शकतो. शेवट अनिश्चित असता, तर ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलंय तो पाहुणा त्या क्षणी उठून गेला असता.

माझे वडील सांगलीत अतिदक्षता विभागात होते तेव्हा मी इथे रात्र रात्र फोनजवळ बसून असायची. बातम्या बघवत नव्हत्या, चांगले गाजलेले चित्रपटही नाही, कारण त्यांत कधी काय होईल याचा नेम नसतो. हे चित्रपट तेवढे बघता आले. म्हणून हा कार्यक्रम मी मनापासून करते, पाहुण्यांना वेळ घालवायला काहीतरी हवं म्हणून नाही.

तुमचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. या चित्रपटांतली कुटुंबं वर्षानुवर्षं एकाच रंगाची, एकाच धाटणीची असायची. ते हळूहळू बदलतंय. २०२० साली हॉलमार्कच्याच एका नाताळ चित्रपटात मूल दत्तक घ्यायला निघालेलं समलिंगी जोडपं होतं. साचा तोच राहिला, माणसं वाढली. अजून पुष्कळ वाढायला हवीत.

बर्फाबद्दल म्हणाल तर आमच्या आल्मॉन्टच्या मिल स्ट्रीटवर असे बरेच चित्रपट झालेत. गिरण्यांच्या काळातल्या दगडी इमारती, नदी, आणि ओटावा पन्नासेक किलोमीटरवर, त्यामुळे चित्रीकरणाच्या तुकड्या येतात. त्या बऱ्याचदा उन्हाळ्यात येतात. भर उन्हात पायऱ्यांवर पांढरी चादर अंथरायची, तिच्या कडा दुमडायच्या, वर फेसाचा फवारा मारायचा, झाडाची हिरवी फांदी चौकटीत येत असेल तर ती बांधून घ्यायची. लोकरी कोटातल्या नटीचा घाम दोन शॉटच्या मध्ये टिपायला एक मुलगी हातात टिश्यू घेऊन उभी असते. हे सगळं दोन-तीन आठवड्यांत उरकायचं असतं. त्या खोट्या बर्फामागचे कष्ट मी जवळून बघितलेत, त्यामुळे मला तो खोटा म्हणवत नाही.

पैसे परत मागितलेत, त्याबद्दल स्पष्टच सांगते. चित्रपटांची नावं आणि वेळा बुकिंगच्या पानावर होत्या, चित्रपटाला बसण्याची सक्ती नव्हती, वरची वाचनाची खोली तिन्ही रात्री उघडी होती. त्यामुळे पैसे परत देता येणार नाहीत. मात्र खोली आणि नाश्ता तुम्हाला आवडला असं लिहिलंय, तर मार्चमध्ये या. आमच्या लॅनार्क काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, तेव्हा मेपलचा रस उकळायचा हंगाम असतो, आणि त्या महिन्यात आमच्याकडे चित्रपटांचा कार्यक्रम नसतो. निघण्याआधी फोन करा, रस्त्यांची अवस्था सांगेन.