चोप्पीनो इटलीत मिळत नाही? बरोबरच आहे!

नमस्कार दादा, एवढी सविस्तर कमेंट टाकलीत, थँक्स. तुमचं म्हणणं असं की चोप्पीनो, म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यातलं मासळीचं कालवण, इटलीत कुठेच दिसलं नाही म्हणजे ही अमेरिकनांनी बिघडवलेली डिश, खेकडा कवचासकट रश्श्यात टाकणं म्हणजे खाणाऱ्याचे हाल, आणि करून बघितलं तर कोळंबी रबरासारखी झाली.

इटलीत नाहीच दिसणार हो, ते सॅन फ्रान्सिस्कोचं आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या नॉर्थ बीच वस्तीत राहणाऱ्या, इटलीतल्या जेनोव्हाकडच्या कोळ्यांनी जमवलेलं. त्यांच्या गावाकडे चुप्पीन नावाचं मासळीचं सूप असतं, पण त्यात बारीकसारीक काट्याची मासळी शिजवून बऱ्याचदा गाळून घेतात. इथे आल्यावर हाताला लागला डंजनेस खेकडा, हा पॅसिफिकचा, भूमध्य समुद्रात मिळतच नाही, मग काय त्याला सोडून देणार होते? 1906 च्या भूकंपात बेघर झालेल्यांच्या मदतीसाठी रेसिपींचं पुस्तक निघालं होतं त्यातसुद्धा चोप्पीनो आहे. शंभरावर वर्षं झाली, आता याला बिघडवणं म्हणायचं तर टोमॅटो पण इटलीत अमेरिका खंडातूनच गेलाय, तो पण काढूया का?

कवचाचं म्हणाल तर सगळी चव तिथेच आहे, आपण नाही का चिंबोऱ्यांचे बारीक पाय वाटून त्याचं पाणी कालवणात घालत, तसंच. हॉटेलात गळ्यात बिब (लाळेऱ्यासारखं फडकं) बांधून देतात, टेबलाची पार वाट लागते, आणि ज्यांना हा पसारा नको त्यांच्यासाठी सोललेलं 'लेझी मॅन्स चोप्पीनो' पण काही ठिकाणी मिळतं. खुशाल मागवा, कोणी हसणार नाही (मी थोडं हसेन).

कोळंबीचं खापर मात्र रेसिपीवर फोडू नका. रेसिपीत पाऊण तास लिहिलाय तो नुसत्या सॉसचा, म्हणजे कांदा, लसूण, फेनेल (बडीशेपेच्या वासाचा कंद) ऑलिव्ह ऑइलमध्ये परतून टोमॅटो, वाइन, फिश स्टॉक, तमालपत्र घालून मंद उकळायचं ते. तोवर मासळीला हात लावायचा नाही. मग तिसऱ्या आणि उकडून फोडलेला खेकडा, तिसऱ्या उघडायला लागल्या की माशाचे तुकडे, आणि कोळंबी अगदी शेवटची तीनेक मिनिटं, रंग बदलला की गॅस बंद. न उघडलेल्या तिसऱ्या फेकून द्या. वाइन लाल की पांढरी यावर इथेही भांडणं आहेत, मी पांढरी घालते. आणि सोबत खायला सावरडो ब्रेड (आंबवलेल्या पिठाचा पाव) नाही मिळाला तर कुठलाही कडक पाव भाजून घ्या, फक्त भात नको प्लीज.