‘मुलगा आहे, पाच वर्षांपर्यंत थांबा’: या मेसेजवर विश्वास ठेवू नका

नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मुलगे उशिराच बोलतात, पाच वर्षांपर्यंत थांबा. मधात वेखंड उगाळून जिभेला लावा. घरात दोन-तीन भाषा असल्या की पोरगं गोंधळतं, म्हणून फक्त इंग्रजी बोला.

वेखंडाने जिभेला चव लागते, शब्द येत नाहीत. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका. त्यातून बोटुलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.

थांबण्याचा सल्ला जास्त घातक आहे. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असतात हे खरं, पण तो फरक एक-दोन महिन्यांचा, वर्षांचा नव्हे. दोन वर्षांचं मूल ‘आई दे’, ‘बाबा गेले’ असे दोन शब्द जोडू लागतं. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात, हेही खरं. पण आपलं मूल त्यातलंच आहे, हे त्या वयात कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून आधी कान तपासा. ‘हाक मारली की वळतो ना!’ असं घरचे म्हणतात. वळायला मोठा आवाज पुरतो. ‘स’, ‘फ’ असे बारीक आवाज निसटले की शब्द अर्धेच कानात जातात. वारंवारच्या सर्दीने पडद्यामागे पाणी साचूनही असं होतं, आणि त्यावर उपचार आहेत. बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, मूल झोपलेलं असताना होते, दुखत नाही. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी पथक अंगणवाडीत येतं, त्यांनाही सांगा.

भाषेच्या सल्ल्याची मला सर्वांत चीड येते. आजी वऱ्हाडी, शेजार हिंदी, शाळा इंग्रजी. नागपुरात असंख्य मुलं अशीच वाढतात. जास्त भाषांमुळे वाचादोष होत नाही. मुलाचे शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजा. मराठीत भरभरून बोलणाऱ्या आईला इंग्रजीची सक्ती केली की उरतं काय? ‘सिट’, ‘ईट’, ‘कम’. गोष्टी, लाड, रागावणं सगळं आटतं, आणि मुलाला नेमकं तेच हवं असतं. संत्रं सोलताना ‘फोड कोणाले पाहिजे?’ विचारा आणि थांबा, मनात दहा आकडे होईपर्यंत. बोट दाखवलं तरी ते उत्तरच; ‘हो, तुले पाहिजे’ म्हणून फोड हातात द्या. स्पीच थेरपिस्टकडे गेलात तर घरात कोणती भाषा चालते ते आधी सांगा, आणि घरी करायचा सराव त्याच भाषेत मागून घ्या.