दुसरी सही

हिंगण्याच्या पुढे आमच्या चाळीस शेळ्या आहेत. आमच्या म्हणजे माझ्या आणि काकाजींच्या. काकाजींनी तीस वर्षं सरकारी नोकरीत दुसऱ्यांची बिलं परत पाठवली आणि सुखानं निवृत्त झाले. धंद्याच्या चेकवर दोघांच्याही सह्या लागतात. अट अर्थात त्यांचीच.

परवा सरकी ढेपेचं बिल घेऊन गेलो.

"बिलात चार पोती. गोठ्यात तीनच काहून दिसून रायली?"

"एक खाऊन झालं जी."

"कोणी खाल्लं?"

"बकऱ्यांनी."

"नोंद कुठं हाय?"

तुरीच्या कुटाराचं तर विचारूच नका. ज्या शेतकऱ्याकडून घेतो, तो पावती मागितली की हसतो. भाचा म्हणतो, मामा, फोनवरून पाठवा ना पैसे. पण फोनला दोन माणसांचे अंगठे लागत नाहीत, म्हणून काकाजींना तो नामंजूर.

शेळी पाच महिन्यांत विते. पूर्वी चेक सहा महिने चालायचा, म्हणजे बाळंतपण उरकून वर महिनाभर सवड. रिझर्व्ह बँकेनं 1 एप्रिल 2012 पासून ती मुदत तीन महिन्यांवर आणली. काकाजींना हे कोणी कळवलेलं दिसत नाही. ढेपवाल्याचा एक चेक त्यांच्या टेबलावर चौकशीतच शिळा झाला.

मग मे महिन्यात ते मुलीकडे पुण्याला निघाले. मी म्हटलं, दोन-चार कोऱ्या चेकवर सही करून जा. खाटीक दिसल्यावर बोकड थबकतो तसे ते थबकले. चेकबुक मागितलं, उघडलं. आत पाच कोऱ्या चेकवर माझी सही आधीच होती. त्यांना खोळंबा नको म्हणून मीच करून ठेवली होती.

"हे तू केलं? उद्या माझी नियत फिरली तं?"

"तुमची? काहीतरीच काय, काकाजी!"

"काहून? माझी नाही फिरू शकत बे?"

ते खरोखर दुखावले होते. खिशातून पेन काढलं, पाचही चेकवर दोन-दोन तिरप्या रेघा ओढल्या, मध्ये 'रद्द' लिहिलं आणि प्रत्येक 'रद्द'खाली झोकदार सही ठोकली. ना बिल, ना पावती, ना गोठ्याची पाहणी. पाच सह्या, दीड मिनिटात.