अक्षता पडल्या तरी लग्न रद्द होतं

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात एका वहिनींनी परवा मेसेज टाकला : 'मुलगी लहान असली तरी एकदा अक्षता पडल्या की लग्न पक्कं, कोर्टही मोडत नाही. मध्ये पडणाऱ्यावर मुलगी पळवल्याचा गुन्हा लागतो. तक्रार केली तर आई तुरुंगात. सज्ञान मुलीलाही आईबापाची सही लागतेच.' हाच मेसेज फिरत फिरत बीडकडे गेला. तिथे माझ्या मावसबहिणीच्या शेजारच्या सतरा वर्षांच्या मुलीनं तिला विचारलं, "ताई, माझं लग्न तर ऊसतोडीला कारखान्याला जायच्या आधीच उरकलं. म्हणजे आता काहीच होत नाही ना?"

होतं, आणि ते तिला कुणी सांगितलंच नाही, याचाच राग येतो.

बालविवाह प्रतिबंध कायदा, 2006, कलम 3 : लग्नाच्या वेळी जी अज्ञान (अठराच्या आतली) होती, ती स्वतः ते लग्न रद्द करायला जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकते. मुदत सज्ञान झाल्यावर दोन वर्षांची, म्हणजे मुलीला विसाव्या वर्षापर्यंत. अजून अठराची नसेल तर पालक किंवा जवळचं कुणी, बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्यासोबत, तिच्या वतीनं अर्ज करतं. खेड्यात हा अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवकच. कोर्ट तिला पोटगी आणि राहायची सोय देऊ शकतं. जोधपूरला 2012 मध्ये एका मुलीनं एक वर्षाची असताना लागलेलं लग्न रद्द करून घेतलं. मेसेजमधलं एवढंच खरं की असं लग्न आपोआप रद्द होत नाही, अर्ज करावा लागतो. पण जबरदस्तीनं किंवा फसवून नेऊन लावलेलं, विकून लावलेलं किंवा कोर्टाचा मनाई हुकूम मोडून लावलेलं असेल, तर ते मुळातच रद्दबातल.

उसाच्या पट्ट्यात तोडणीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, जोडीवर मिळते. म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरींची लग्नं उरकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. त्यांतल्या कितीजणींना कलम 3 माहीत असेल?

पळवल्याचा गुन्हा? अज्ञान मुलीला परस्पर आपल्या घरी लपवलंत तर लागू शकतो, हे मान्य करावं लागतं. म्हणून लपवू नका, 1098 (मुलांची हेल्पलाइन) किंवा 112 ला फोन करा. पोलीस तिला बालकल्याण समितीपुढे नेतात, आणि फोन कुणीही करू शकतं.

आईला तुरुंग? कलम 11 वाचा : बाईला कैदेची शिक्षाच नाही. बापाला मात्र दोन वर्षं सक्तमजुरी आणि लाखभर दंड होऊ शकतो.

सज्ञान मुलीला सही लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं शक्ती वाहिनी खटल्यात 27 मार्च 2018 ला हे स्वच्छ सांगितलंय.

मी हे सगळं गटात लिहिलंय. वहिनींनी वाचलंय, मेसेज अजून तसाच आहे. ती मुलगी मे महिन्यात अठराची होईल. मावसबहीण सोमवारी तिच्याबरोबर ग्रामसेवकाकडे जाणार आहे.