हौशी 'स्टार ट्रेक'ला नक्कल म्हणण्याआधी

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'स्टार ट्रेक' या साठच्या दशकातल्या अमेरिकी अंतराळ-मालिकेचे चाहत्यांनी काढलेले नवे भाग म्हणजे पोशाख चढवून केलेली नक्कल, मूळ नट नाहीत, अभिनय कच्चा, आणि स्टुडिओ स्वतः कोट्यवधी ओतून नव्या मालिका काढत असताना या हौशी खटाटोपाचं कौतुक कशाला, असं तुम्ही म्हणता.

अभिनयाबद्दल वाद नाही. 2004 साली सुरू झालेल्या 'न्यू व्हॉयेजेस' या चाहत्यांच्या मालिकेच्या पहिल्या भागांत बरेच संवाद पाठ म्हटल्यासारखे येतात. पण मूळ नट नाहीत हा आक्षेप मराठी प्रेक्षकाने घ्यावा, याचं नवल वाटलं. आपल्याकडे एकेका गाजलेल्या भूमिकेत पिढ्यान् पिढ्या नवे नट उभे राहिले आहेत. ते नाटक खोटं झालं असं कुणी म्हणत नाही.

आता नकलेचं. मूळ मालिकेच्या 1967 च्या एका भागात मायकेल फॉरेस्ट या नटाने अपोलो केला होता, माणसांनी आपली पूजा करावी म्हणून हटून बसलेला देव. 2013 मध्ये 'स्टार ट्रेक कंटिन्यूज' या दुसऱ्या हौशी मालिकेच्या पहिल्याच भागात तेच फॉरेस्ट 46 वर्षांनी, म्हातारा अपोलो होऊन परत आले. मला आता पूजा नको, असं तो सांगतो. एकदा वेठीला धरणाऱ्यावर पुन्हा विश्वास टाकायचा का, या पेचावर सगळा भाग उभा आहे. मूळ मालिकेचा जीव असल्याच पेचांत होता. हा प्रश्न मूळ मालिकेने विचारलाच नव्हता, मग नक्कल कशाची केली?

त्या मंडळींनी जुन्या टीव्हीची 4:3 ची, जवळजवळ चौकोनी चौकट ठेवली. करड्या भिंतींवर जांभळा-हिरवा उजेड, कप्तान कर्कच्या डोळ्यांवर प्रकाशाची आडवी पट्टी. साठच्या दशकात पैसे बेताचे होते, म्हणून रंगीत दिव्यांनी भिंत बोलती केली जायची. नव्या महागड्या मालिकांत डोळे दिपतात, पण दोन माणसं खोलीत उभी राहून वाद घालताहेत आणि कॅमेरा त्यांच्यावरून हलत नाही, असं फार कमी वेळा दिसतं.

आणि जहाजाचा सुकाणू सांभाळणारा सुलू! मूळ 79 भागांत बहुतेक वेळा त्याच्या वाट्याला सुकाणू आणि चार वाक्यं. 2007 मध्ये 'न्यू व्हॉयेजेस'च्या 'वर्ल्ड इनफ अँड टाइम' या भागात मूळ सुलू, म्हणजे जॉर्ज टाकेई यांना अख्खी गोष्ट मिळाली. जहाजावर काही क्षण जातात, सुलू मात्र तीस वर्षांनी म्हातारा होऊन परततो, सोबत मुलगी. तिच्याकडे बघतानाचे टाकेई पाहून माझ्या घशात आवंढा आला. या भागाला ह्यूगो या विज्ञानकथांच्या मानाच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं. त्याच मालिकेचा 2006 चा एक भाग डी. सी. फाँटाना यांनी लिहिला. मूळ मालिकेच्या त्या लेखिका.

म्हणून चाहत्यांच्या चित्रपटांसाठी स्टुडिओने 2016 मध्ये काढलेल्या नियमांचा मला राग आहे. 'ॲक्सनार' या हौशी चित्रपटाने दहा लाख डॉलरांहून जास्त वर्गणी जमवली, स्टुडिओने दावा लावला आणि मग सगळ्यांनाच बंधनं आली: एक गोष्ट 15 मिनिटांची, वर्गणी 50,000 डॉलरांपर्यंत. हे एक वेळ समजू शकतं. पण 'स्टार ट्रेक'वर पूर्वी काम केलेलं कुणीही यात नको, हे कलम? टाकेई, फॉरेस्ट, फाँटाना सगळेच बाद. या नियमांत सुलूचा तो भाग निघूच शकला नसता.

सुलूचा तो भाग तेवढा पूर्ण पाहा आणि मग कडाडून भांडा.